मावशींचा एक

आमच्या उंदरांच्या खोलीत सकाळी दहाला रात्र व्हायची. उंदीर अंधारात जागतात आणि माणसं उजेडात पगार घेतात, म्हणून आमच्या सोयीसाठी त्यांचं घड्याळ उलटं फिरवून ठेवलेलं होतं. दहा वाजले की पांढरे दिवे आपोआप बंद होत आणि मंद लाल दिवे लागत. उंदरांना तांबडा रंग जवळजवळ दिसत नाही, त्यांच्या लेखी तो अंधारच. आम्हाला मात्र त्या उजेडात जेमतेम दिसायचं, आणि पुढे जे घडलं त्याचा सगळा दोष मी फार दिवस त्या लाल दिव्यांवर ढकलत आले.

ही प्रयोगशाळा सोमाटणे फाट्यावरून आत, टेकडीच्या पायथ्याशी होती. मी तिथे पीएचडी करत होते. लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने स्कूटरवर यायचे. गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांनी फाटा तुंबायचा आणि मला उशीर व्हायचा. बुधवारी आणि शुक्रवारीही उशीर व्हायचा, पण कारण मी गुरुवारचंच सांगायचे.

मावशींना कधी उशीर झाला नाही. टाकवे बुद्रुकहून कान्हे फाट्यापर्यंत जीप, तिथून पुढे दुसरी गाडी, मग चालत, असं करून त्या साडेआठला हजर. पन्नाशी ओलांडलेली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आणि सून घरची भातशेती बघणारे. आमच्याकडे त्या ठेकेदाराकडून आल्या होत्या. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, एवढंच काम. एवढंच, म्हणजे ठेकेदाराच्या कागदावर. खरं सांगायचं तर त्या खोलीत उंदरांकडे बघणारं माणूस तेवढं एकच होतं. आम्ही बाकीचे उंदरांचे आकडे बघायचो.

एकदा त्या मला म्हणाल्या, "ताई, त्या खालच्या फळीवरची बया काय आई न्हाई बगा. पोरं समदी पसरल्यात आन ही आपली मिश्या साफ करती. आन तिची शेजारीण, तिला पोर बी न्हाई, पन दुसरीचं पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणून ठेवती."

मी तीन दिवस कॅमेरा लावला तेव्हा मला ते दिसलं. त्यांना ते भुसा बदलता बदलता दिसलं होतं. माझ्या प्रबंधाचा विषय नेमका तोच होता. लांब गेलेलं पिल्लू पाहिल्यावर एक मादी उठते आणि दुसरी उठत नाही. तर त्या उठणाऱ्या मादीच्या मेंदूत, लाखो पेशींच्या गर्दीत, कोणत्या मूठभर पेशी तिला उठवतात? त्या पेशी शोधायच्या, आणि न उठणाऱ्या मादीत त्याच पेशी चालू केल्या तर ती उठते का, ते बघायचं.

पेशी चालू करायला आम्ही विषाणू वापरायचो. मावशींनी हे ऐकलं तेव्हा त्या हातातली बाटली तशीच धरून उभ्या राहिल्या.

"इषाणू म्हंजी? त्या करोनाचा भाऊबंद?"

"नाही हो मावशी, ह्याने कुणी आजारी पडत नाही. ह्याच्या पोटातलं सगळं काढून टाकलंय आणि आपला निरोप भरलाय. हा पेशीत शिरतो, निरोप ठेवतो, संपलं."

"मंग जिला द्यायचा तिलाच कसा गावतो निरोप? सुई तर तुमी सरळ टोचता."

प्रश्न बिनतोड होता. मी त्यांना सांगितलं की विषाणू आजूबाजूच्या सगळ्याच पेशींत शिरतो. पण निरोप आम्ही मुद्दाम उलटा लिहिलेला असतो. परदेशातून आणलेल्या आमच्या एका खास वाणाच्या उंदरांत, फक्त हव्या त्या पेशींकडे तो निरोप सुलटा करून घ्यायचं साधन असतं. बाकीच्या पेशींत निरोप पोचतो आणि तसाच पडून राहतो.

मावशींनी हातातल्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग म्हणाल्या, "म्हंजी चिठ्ठी समद्यांच्या घरी जाती. पन ज्याला वाचता येतंय त्योच उठतोय."

पुढे मी हे काम किती परिषदांत, किती मोठमोठ्या पडद्यांवर समजावून सांगितलं. ह्याच्याहून चांगलं मला कधीच सांगता आलं नाही, म्हणून मी हेच वाक्य इंग्रजीत करून वापरते. कुणाचं आहे ते सांगत नाही.

त्याच दिवशी बाटली जागेवर बसवता बसवता त्या पुढे म्हणाल्या, "आमी तसल्याच की. चिठ्ठ्या येत्यात, पन आमी काय उठत न्हाई."

मला तेव्हा कळलं की मावशींना आकडेसुद्धा वाचता येत नाहीत. शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या. इतके दिवस त्या साठ पिंजरे नुसत्या जागेवरून ओळखत होत्या, कुठल्या फळीवर कोण, कुणाचा कान फाटका, कुणाची शेपटी आखूड. आणि एकही पिंजरा कधी इकडचा तिकडे झाला नव्हता.

माझे वडील नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. शिकवायची खाज मला रक्तातूनच आलेली. मी म्हटलं, मावशी, चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं बसा माझ्याजवळ. त्या बसल्या. पिंजऱ्यांवर नंबरासाठी लावतो त्या कार्डांपैकी रद्द झालेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांना आकडे काढून दिले. प्रयोगशाळेत सगळीकडे इंग्रजी आकडे चालत, पण मी शिकवले ते आपले. आधी आपलं येऊ द्या, मी म्हटलं, मग त्यांचं बघू. गावात उपयोगी पडतील, रस्त्याच्या दगडांवर असतात, दिनदर्शिकेवर असतात. खरं कारण असं की मी मराठी शाळेत शिकलेली आणि त्या इमारतीत इंग्रजी बोलून बोलून माझा जीव मेटाकुटीला आलेला. मला कुणालातरी काहीतरी मराठीत शिकवायचं होतं.

त्यांचा एक फार सुरेख यायचा. वर घट्ट गोल गाठ आणि खाली सोडून दिलेला दोरा. पाच त्यांना छळायचा, आठ उताणा पडायचा, पण एक असा यायचा की मी वडिलांना मोबाईलवर फोटो पाठवला. वडिलांनी उत्तर दिलं, दहापैकी दहा. मी ते मावशींना वाचून दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी सांगत आल्या, "कान्हे फाट्यापासनं घरापत्तुर समदे दगड वाचत गेले. लोकं म्हनत्यात हिला काय झालं, दगडांकडं बगून बोलती."

इतकं सुख मला त्या इमारतीत दुसऱ्या कशानंही दिलं नाही. म्हणूनच पुढचं लिहायला हात उचलत नाही.

त्याच सुमारास माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती. विषाणूची कुपी उणे ऐंशीच्या फ्रीजमधून काढली, टेबलावर ठेवली आणि फोनवर बोलत बाहेर गेले. परत आले तेव्हा सगळं वितळून पाणी. परदेशातून मागवलेला माल, चार महिने वाट बघितलेली. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, केरळचे. सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही, आणि त्यामुळेच भीती वाटायची. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की पुन्हा असं काही झालं तर हे काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाईल. चार वर्षं मी त्या कामावर घालवली होती. मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात रडले.

नवी कुपी आली तेव्हा मी ठरवलं की ह्या वेळी चूक म्हणून करायची नाही. खास वाणाच्या पाच माद्या नऊ नंबरच्या पिंजऱ्यात होत्या. एक नंबरच्या पिंजऱ्यातल्या पाच त्यांच्याच नात्यातल्या, दिसायला अगदी तशाच काळ्या, पण त्यांच्यात निरोप सुलटा करायचं साधन नव्हतं. त्या शिल्लक म्हणून ठेवलेल्या, कुणाच्या कामाच्या नव्हत्या.

रविवारी मावशी एकट्याच कामावर होत्या. एक नंबरच्या पिंजऱ्याची बाटली गळली आणि कार्ड भिजलं. शाई पसरून आकडा गेला. दुसरं कुणी असतं तर सोमवारची वाट बघत बसलं असतं. तो पिंजरा एक नंबरचा, हे आमच्या बोलण्यातून मावशींना ठाऊक होतं; त्यांनी कोरं कार्ड घेतलं, पेन घेतलं आणि आकडा घातला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कामासाठी लिहिलेली ती पहिली गोष्ट. सोमवारी मी घाईत आत शिरले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"ताई, एक काम केलंय म्या. बगा जरा आत जाऊन."

"बरं बरं, बघते," मी म्हटलं. मला सुया निर्जंतुक करायच्या होत्या. मी बघितलं नाही.

मंगळवारी अकराला, लाल दिव्यांत, मी पिंजरा न्यायला गेले. मधल्या फळीवर समोरच एक कार्ड दिसलं. त्यावर नऊ होता. म्हणजे मला नऊ दिसला. वर गोल, खाली शेपूट. बारा वर्षं मराठी शाळेत शिकलेल्या, शिक्षकाच्या मुलीला एक हा आकडा नऊ दिसला, कारण त्या खोलीत आकडे इंग्रजीच असतात हे माझ्या डोळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. खरा नऊ नंबरचा पिंजरा त्याच्या बरोबर खालच्या फळीवर होता, छापील आकड्याचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्रत्येक उंदराच्या कानाला खूण असते, ती वहीशी जुळवून बघायची असते. मी बघितली नाही.

मावशी तेव्हा शेजारीच होत्या. वर शस्त्रक्रियेला जाणारे उंदीर परत त्या खोलीत येत नसत हे त्यांना माहीत होतं. तरी पिंजरा दारातून निघाला की त्या हळूच म्हणायच्या, "येते म्हना गं." आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणू नये, म्हणून उंदरांच्या वतीने त्याच बोलायच्या. त्या दिवशीही बोलल्या. कोणता पिंजरा नेताय असं त्यांनी विचारलं नाही. ताईंना वाचता येतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दोन दिवस मी त्या पाच माद्यांवर काम केलं. भूल द्यायची, डोकं चौकटीत बसवायचं, कवटीला मोहरीएवढंही नाही असं भोक पाडायचं, काचेची सुई मेंदूत नेमक्या जागी उतरवायची, विषाणू थेंबाच्याही कितीतरी लहान भागाने सोडायचा आणि सुई तशीच ठेवून दहा मिनिटं थांबायचं. मग केसासारखी एक प्रकाशतंतूची काडी बसवायची. पाचही जगल्या. इतकं स्वच्छ काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

विषाणूला निरोप पोचवायला तीन आठवडे दिले. मग पहिली मादी पेटीत ठेवली, कोपऱ्यात दुसरीचं पिल्लू ठेवलं आणि तंतूतून निळा उजेड सोडला. काहीच झालं नाही. ती मिश्या साफ करत बसली. दुसरी, तिसरी, पाचवी, तेच. मी उजेड वाढवला, तंतू बदलले, पिल्लं बदलली. आणखी चार आठवडे मी नाचता येईना म्हणून अंगण तपासत होते. शेवटी पाचही माद्यांचे मेंदू कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. निरोप वाचणाऱ्या पेशी लाल चमकायला हव्या होत्या. सगळीकडे काळोख.

मग मी जे सुरुवातीला करायचं ते शेवटी केलं. पाचही जणींच्या शेपटीचे तुकडे तपासले. एकीतही ते साधन नव्हतं. मी धावत खाली गेले. आता त्या मधल्या फळीवर पिंजरा नव्हता, पण काम संपल्यावर कार्डं ज्या डब्यात टाकतो त्यात ते कार्ड होतं. मी ते पांढऱ्या उजेडात आणलं. वर घट्ट गाठ, खाली सोडून दिलेला दोरा. नऊ नव्हता, मावशींचा एक होता.

ह्या क्षणाला मला कळलं होतं की चूक कुणाची आहे. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःलाच बऱ्याच पळवाटा काढून दिल्या.

सरांनी बैठक बोलावली. सर, प्राण्यांचे डॉक्टर आणि मी. डॉक्टर तमिळनाडूचे. सरांना मराठी 'चहा' आणि 'उद्या' एवढंच यायचं, डॉक्टरांना तेवढंही नाही. मी अहवाल मांडला. चुकीचा पिंजरा वर गेला, मी म्हटलं. कसा गेला, सरांनी विचारलं. मी कार्ड टेबलावर ठेवलं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण सरांनी कार्ड उचललं, बघितलं आणि म्हणाले, "ह्यावर तर नऊ आहे. हे कुणी लिहिलं?"

मावशींना बोलावलं. त्या हात पुसत आल्या. टेबलावर आपलं कार्ड, भोवती एवढी शिकलेली माणसं, हे पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मला खाली बघावं लागलं. कौतुकाला बोलावलंय असं त्यांना वाटलं.

"मावशी, हे कार्ड तुम्ही लिहिलंत?" सरांचा प्रश्न मी मराठीत विचारला.

"व्हय, म्याच. भिजलं हुतं पयलं."

"कितवा पिंजरा होता हा?"

"एक. ह्यो एक हाय की ताई, तुमीच तर शिकिवला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणतेय ती? त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी मी एकटी होते. मी म्हटलं, "त्या म्हणताहेत, हा पिंजरा एक नंबरचा होता आणि कार्ड त्यांनीच लिहिलं."

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. इतकं साळसूद भाषांतर मी आयुष्यात केलेलं नाही. सरांनी कार्ड वर धरलं. "आणि तिने लिहिलंय नऊ," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, ह्या बाईंनी कार्डाला हातच का लावावा, ते त्यांचं काम नाही. मी मूग गिळून बसले. एवढंच म्हणायचं होतं की सर, हा नऊ नाही, हा आमचा एक आहे, त्यांनी बरोबर लिहिला आणि मी चुकीचा वाचला. दहा सेकंदांचं वाक्य. त्या वाक्याच्या पलीकडे माझी चार वर्षं होती आणि अलीकडे मावशी. कानाच्या खुणा जुळवल्या होत्या का, ह्या प्रश्नाची मी घाबरून वाट बघत होते. कार्ड सापडल्यावर तो कुणी विचारलाच नाही.

"काय म्हनत्यात सायेब?" मावशींनी मला विचारलं. त्यांचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"आकडा चुकला म्हणताहेत."

मावशींनी पुढे होऊन कार्ड हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. बोटाने तो आकडा वरून खाली गिरवला. मग साहेबांकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "चुकला का वं ताई?"

आणि मी "हो" म्हटलं.

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, नीट, कडेला समांतर. "मंग माजंच चुकलं आसंल," म्हणाल्या आणि गेल्या. शनिवारी ठेकेदाराने सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. मी त्या शनिवारी मुद्दाम सुट्टी घेतली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणतो. चोराने घरी बसून चहा प्यायला, हे त्या म्हणीत नाही.

खालच्या फळीवरच्या खऱ्या नऊ नंबरच्या माद्या अजून होत्या. मी त्यांच्यावर पुन्हा सगळं केलं. निळा उजेड सोडला आणि पहिलीच मादी उठली, सरळ कोपऱ्यात गेली, परक्या पिल्लाला मानेला धरून उचललं आणि घरट्यात आणून ठेवलं. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी अशा चमकत होत्या की कुणालाही आनंदच व्हावा. मला झालाही. हेही लपवत नाही.

प्रबंधात पहिल्या पाच माद्यांविषयी एक ओळ घालावी लागली. मी लिहिलं, पिंजऱ्यांच्या नोंदीत झालेल्या चुकीमुळे पहिली तुकडी वगळण्यात आली. सर म्हणाले, छान, थोडक्यात. वडिलांनी एकदा विचारलं, तुझ्या त्या विद्यार्थिनी काय म्हणतात, तो सुंदर एक काढणाऱ्या? मी म्हटलं, त्यांनी काम सोडलं. वडिलांशी मी त्याआधी खोटं बोलले नव्हते.

पदवी मिळाल्यावर, म्हणजे मावशी गेल्यानंतर दीड-दोन वर्षांनी, मी टाकव्याला गेले. पेढ्यांचा खोका घेऊन गेले, इतकी मी निर्लज्ज. भात काढणीचे दिवस होते. अंगणात पेंढ्यांचा ढीग, ओसरीवर इंद्रायणी तांदळाचा वास. मावशी कामावरून यायच्या होत्या. सुनेने पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली.

"आत्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये जात्यात," ती म्हणाली. "दिसभर उभ्या राहून फुलं कापायची. गुडघं लय दुखत्यात त्यांचं. तितल्या सायबांनी सांगितलं, मावशी, तुमी बसून पेट्यांवर निस्ते आकडे घाला. तर म्हनल्या, मला लिवता येत न्हाई. येतं की, म्या सवता बगितलंय, पाटीवर काढायच्या आंधी. पन न्हाईच म्हनल्या."

मी पाणी प्यायले.

मावशी आल्या. वाळल्या होत्या, हाताला काट्यांचे ओरखडे होते. मला बघून त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा कुरवाळला आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. डॉक्टर झाले म्हटल्यावर खोका न उघडताच देवापुढे ठेवायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं. तोंडपाठ करून आणलेलं सगळं भाषण मी विसरले होते. पिशवीतून पेन काढलं आणि खोक्याच्या झाकणावर आकडा काढला. गाठ आणि दोरा. त्यांच्या एकाइतका चांगला नाही आला.

"मावशी, हा काय आहे?"

त्या खोक्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं सगळं हसू ओसरलं. फळ्यापुढे उभं केलेल्या पोरीसारखा त्यांनी पदर सारखा केला.

"नऊ," त्या म्हणाल्या. आणि पटकन माझ्याकडे बघून, "नऊच हाय न्हवं?"

मग मी बोलले. रडत, अडखळत, पण सगळं बोलले. हा एक आहे. तेव्हाही एकच होता. तुम्ही बरोबर लिहिला होता, मी चुकीचा वाचला. साहेबांना आपले आकडे येत नव्हते आणि मला येत होते, तरी मी गप्प बसले. माझं काम जाईल म्हणून गप्प बसले. तुम्ही मला विचारलंत आणि मी तोंडावर खोटं बोलले. तुमची काही चूक नव्हती मावशी, काहीच नव्हती.

सून दारात थांबून ऐकत होती. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता त्या रागावतील. रागावाव्यात म्हणून मी अक्षरशः वाट बघत होते. त्यांनी पदराच्या टोकाने माझे डोळे पुसले.

"आसं नगा करू ताई," त्या हलकेच म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हनून आज समदं आपल्या अंगावर घेता व्हय? तुमी लय मायेच्या, म्या वळखते. पन चुकला तो चुकला. म्या तुमालाच इचारलं हुतं की त्या दिशी. सायबाला न्हाई इचारलं. तुमी मला शिकिवल्यालं. तुमी कशाला खोटं बोलाल?"